आवाज किती, तेवढं सांगा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मुक्ताला परवा नगरच्या दवाखान्यातून घरी आणलं. न्हाणीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. मधल्या खोलीत कॉटवर तिला निजवली आणि मगच मी पोटभर जेवलो. आत हाडाला स्टीलची पट्टी बसवली आहे. दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही, मग वॉकर.

प्रवीण आज दुपारी पुण्याला परत गेला. जाताना बापलेकात जुंपलीच. तो म्हणतो, आईला पुण्याला नेतो, मी आणि चैताली बघतो. सूनबाई गुणाची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोघं सकाळी नोकरीला जातात ते दिवे लागल्यावर घरी येतात. ही तिथं चौथ्या मजल्यावर छताकडं बघत पडणार. तिला विचारलं तर म्हणाली, "मला माझं दार उघडं दिसाया पायजे." माझं म्हणाल तर लग्न झाल्यापासून हिच्याशिवाय या घरात मी सलग चार दिवस काढलेले नाहीत. आता या वयात ती सवय लागायची नाही. हे पोराला कसं सांगणार, म्हणून इथं लिहितो.

शेवटी तडजोड झाली. मी परसात नाहीतर स्वयंपाकघरात असतो, ती आत. तिची हाक माझ्यापर्यंत पोचत नाही, दुखण्यानं आवाज फार बारीक झाला आहे. मोबाईलचाही भरवसा नाही, माझ्या फोनचा आवाज बसला आहे. काल बघितलं तर हिचेच सात कॉल येऊन गेलेले. म्हणून बिनवायरची घंटी मागवायची. बटण हिच्या उशाशी, घंटी माझ्याजवळ. प्रवीण निघताना म्हणाला, "दादा, आईनं बोलावलं की तुमी जाग्यावर पायजेत. न्हाईतर मी गाडी घिऊन येतो." मी म्हटलं, कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये सगळी नोकरी टर्बाईनशेजारी काढली, एक घंटी सांभाळता येणार नाही होय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घंटी घ्यायची म्हणजे काय घ्यायची, हे विकणाऱ्यालाच माहीत नसतं. फोटो झकास, आणि खाली 'आनंदी कुटुंबाची निवड' असं लिहिलेलं. आवाज किती हे कुठंच नाही. कोणा भल्या माणसानं तोच प्रश्न तिथं विचारून ठेवला होता. त्याला घेणाऱ्यांची उत्तरं आलेली: 'अजून उघडली नाही.' 'मेहुण्याला भेट दिली.' 'रंग छान आहे.'

मग विकणाऱ्यालाच लिहून विचारलं. आवाज किती डेसिबल? उत्तर: प्रिय ग्राहक, यात छत्तीस सुरावटी आहेत. मी लिहिलं, छत्तीस राहू द्या, एकीचा आवाज सांगा. उत्तर: प्रिय ग्राहक, प्रॉडक्ट प्रीमियम आहे. विटांच्या दोन भिंती ओलांडून वाजेल का? होय, भिंतीवर लावता येईल.

फोन करून बघितला. फोनवरच्या पोरी तोंडात पाण्याची गुळणी धरल्यासारख्या बोलतात, एक शब्द स्पष्ट नाही. आमच्या टर्बाईनपाशी तर शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी कळायचं नाही. आम्ही ओठ बघून बोलायचो. पलीकडच्या कठड्यावरून आप्पाराव शिवी हासडायचा आणि मी इकडून तिची परतफेड करायचो. माणूस समोर असला की आजही माझा एक शब्द चुकत नाही. या पोरींना कोणी बोलायलाच शिकवलेलं नाही.

मागवली एकदाची.

९ फेब्रुवारी, रविवार

घंटी आली. समोर धरून बघितली. हिनं बटण दाबलं की निळा दिवा लागतो आणि चिमणीच्या पिल्लाएवढा आवाज येतो. तरी परसदाराच्या भिंतीला लावली. दुपारी मेथी खुरपत होतो. घंटी काही वाजली नाही. थोड्या वेळानं आत गेलो तर शेजारची अजमतबी हिला पाणी पाजत बसलेली. नबीभाई फळांचा गाडा लावतो, ही त्याची बायको. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. मी मुक्ताला विचारलं, बोलवायचं नाही का? ती म्हणाली, दाबलं होतं. म्हणजे घंटी खराब.

अजमतबी मात्र फार वेळेवर आली. या बाईला नेमकं कधी यायचं ते कसं कळतं कोण जाणे.

घंटी परत पाठवली. एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'जवळूनही ऐकू येत नाही. फसवणूक.' बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पौर्णिमा. हिला खाली बसता येत नाही, म्हणून मी कॉटजवळ खुर्ची घेतली आणि दोघांनी तिथंच वंदना म्हटली. ती पुढं, मी मागं. तिच्या तोंडाकडं बघितलं की माझी कुठं चुकत नाही. जखम सुकते आहे. डॉक्टरांना फोटो पाठवला होता, त्यांनी अंगठा पाठवला. मोठा भार उतरला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुसऱ्या घंटीचा शोध चालू आहे. आज एकानं विचारलं, तुमचं ऑफिस किती मजल्यांचं आहे. दुसऱ्याला आवाज विचारला तर म्हणाला, वॉटरप्रूफ आहे. तिसऱ्यानं पितळी घंटीचा फोटो पाठवला, देव्हाऱ्यात लावायची. मी लिहिलं, अहो माझी बायको आजारी आहे, तिनं मला बोलवायचंय, आवाज किती तेवढं सांगा. तो म्हणाला, शुभ असते.

कारखान्यात स्टोअरमध्ये गेलं की माणूस आधी विचारायचा, कशाला पाहिजे, कुठं बसवणार. मग सामान द्यायचा. यांनी ते सामान कधी हातात घेतलेलंही नसतं. वैताग आहे नुसता.

त्यात आमच्या कुकरची शिट्टी बिघडली. रिंग नवी घातली तरी वाजत नाही. डाळीचं पिठलं झालं. मुक्तानं तसंच खाल्लं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची मिरवणूक दारावरून गेली. डीजेचा दणका असा की छातीत धडधड होत होती. यालाच म्हणतात आवाज. असा आवाज घंटीत घालायला कोणाला काय होतं?

दुसरी घंटी आली. तिच्यावर 'एक्स्ट्रा लाऊड' असं लिहिलेलं आहे. लिहायला काय जातं. लिंबाखाली बसून वाट बघत होतो, हिनं तीनदा दाबलं म्हणे. इकडं चिडीचूप. अजमतबीच्या कोंबड्या तेवढ्या उगाच उधळत होत्या. पुन्हा एक तारा. तिसरी मागवली आहे, शाळेत वापरतात तसली आहे म्हणतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज थोडक्यात निभावलं.

तिसरी घंटी कालच लावली होती. मी वांग्यांना पाणी देत होतो. हिला लघवीचं भांडं पाहिजे होतं. बटण दाबून दाबून थकली आणि मग स्वतःच उठायला गेली. कॉटवरून अर्धी खाली आली, मोडका पाय तसाच लोंबकळत. अजमतबीनं पळत येऊन तिला धरून ठेवली. मी हात धुऊन आत आलो तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं.

गावातल्या डॉक्टरकडं हाडाचा फोटो काढला. पट्टी हललेली नाही. डॉक्टर हे बोलला तेव्हा मी त्याच्या टेबलावर डोकं टेकलं.

घरी आल्यावर अजमतबी म्हणाली, "भाई, कितीदा वाजली घंटी. मी तव्यावरची भाकर टाकून आले." मी म्हटलं, वाजली असती तर मी आलो नसतो का? तिनं मुक्ताकडं बघितलं, मुक्तानं डोळ्यानं काहीतरी खुणावलं. बायकांचं काय चालतं ते त्यांनाच ठाऊक. तिची भिंत खोलीला लागून आहे, तिला बटणाचाच आवाज जात असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रवीणला कळलंच. फोनवर तो फार चिडला होता, सगळं बोलणं मला कळलं नाही. मग त्यानं लिहून पाठवलं: 'दोन तारखेला गाडी घेऊन येतो. आईला नेणार. आता वाद नको.' मुक्तानं त्याला सांगितलं, घंटी खराब निघाली रे, ह्यांची चूक न्हाई. हिनंच सांगितलं हे बरं झालं. माझं त्यानं ऐकलं नसतं.

पण त्याचा विचार बदलला नाही. आठवडा हातात आहे. चांगली घंटी मिळाली नाही तर ही जाणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक नवीनच प्रकार झाला.

लातूरची कोणी शिवकन्या म्हणून बाई आहे. दवाखान्यात रोग्यांच्या उशाशी लावतात त्या घंट्या ती घरीच बनवते. फोटोत आनंदी कुटुंब नव्हतं, नुसती टेबलावर ठेवलेली घंटी आणि खाली फोन नंबर. फोन लावला. मी माझं सांगितलं, ती काही बोलली, मी उत्तर दिलं, ती पुन्हा काही बोलली. मग तिनं फोनच ठेवला. म्हटलं, झालं, हीही त्यांतलीच. एवढ्यात तिचा मेसेज आला: 'शहादेवकाका, आपण लिहून बोलू.'

मी विचारलं, आवाज किती? ती म्हणाली, आधी सांगा, घंटी ऐकणार कोण? मी. वय? सांगितलं. काम काय करायचा? पॉवर हाऊस, टर्बाईन. कानात काही घालायचा का? कापसाचे बोळे मिळायचे, ते आम्ही खिशात ठेवायचो. मग विचारते, सकाळी चिमण्या ऐकू येतात का? मी लिहिलं, चिमण्या आता राहिल्यात कुठं.

त्यावर तिनं लिहिलं ते जसंच्या तसं उतरवतो. 'काका, मोठ्या आवाजाची घंटी माझ्याकडे आहे. ती मी तुम्हाला विकणार नाही. ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल, तुम्हाला नाही. माझे वडील सूतगिरणीत होते. त्यांनाही घंटी-शिट्टीसारखा पातळ आवाज आधी ऐकू येईनासा झाला. जाड आवाज ऐकू येतो म्हणून माणसाला कळत नाही. कुकर लावा आणि समोर उभं राहून बघा.'

घंटीचं विचारलं तर माझ्या कानांवर घसरली. मी फोन उलटा करून ठेवला. विकायचं नसेल तर दुकान मांडायचं कशाला?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस कुकर लावला नाही. पातेल्यात भात केला.

आज लावला आणि समोर उभा राहिलो. वाफ धरली. शिट्टी थरथरली, मग टुणकन वर उठली आणि वाफेचा फवारा छतापर्यंत गेला. मी बघत होतो. आवाज आला नाही. फुस्स असं काहीतरी झालं असेल नसेल. पुन्हा उठली. पुन्हा तेच. पलीकडून मुक्ता काही म्हणाली का ते बघायला दारात गेलो, तर ती माझ्याकडं बघून बोटं दाखवत होती, तीन झाल्या, बंद करा.

मग तिसरी घंटी मांडीवर घेतली आणि स्वतःच बटण दाबलं. दिवा लागत होता. घंटीवर हात ठेवला तर ती हाताखाली हलत होती. म्हणजे तीही वाजत होती आणि आधीच्या दोन्हीही वाजत होत्या. ही शनिवारी बटण दाबत होती, सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं आणि मी वांग्यांना पाणी देत होतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मुक्ताला सांगितलं. म्हटलं, घंट्या चांगल्या होत्या, कान माझे गेलेत. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की. लई वरीस झाले."

मी म्हटलं, आणि कोणाला माहीत आहे? तर सगळ्यांना. प्रवीणला, चैतालीला, नबीभाईला. गिऱ्हाईकांना द्राक्षं देता देता तो माझ्याशी तोंड वळवून बोलतो, ते का, हे मला आज कळलं. मुक्ता म्हणाली, "तुमाला काई सांगायचं आसलं की मी हातातलं काम सोडून तुमच्या म्होरं येऊन हुबी ऱ्हायची. पाय मोडला आन मला म्होरं येता यीना, येवढंच झालं."

मी विचारलं, "मग कावून सांगितलं न्हाई?" ती चादर नीट करत बसली.

वाईट वाटलं, राग आला, हे खरंच आहे. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मोकळं वाटलं. महिनाभर मी सगळ्या जगाशी भांडत होतो. हिचा आवाज बारीक झालेला नाही, तिची तब्येत ठीक आहे. मला सारखी धास्ती होती की ही आतून खचत चालली आहे. ते काही नाही. नुसते कान गेलेत, आणि त्याला उपाय आहे.

शिवकन्येला लिहिलं, कुकर लावला होता. तिनं फार विचारलं नाही. म्हणाली, कमरेला अडकवायचं एक यंत्र आहे, बटण दाबलं की ते थरथरतं, आवाजाचा प्रश्नच नाही. किती लांबवर चालतं? मोकळ्यात इतकं, दोन भिंती मध्ये असल्या तर इतकं, पत्र्याची शेड मध्ये आली तर कमी, शेड कुठं आहे ते सांगा. सेल कोणता, किती दिवस पुरतो, पाण्यात पडलं तर काय करायचं, सगळं न विचारता सांगितलं. शेवटी लिहिलं, 'हे घेतलं तरी कान तपासून घ्या. कानाचं मशीन मी विकत नाही, त्यातलं मला कळत नाही.' हे वाचून माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला. आज रात्रीच्या एसटीच्या पार्सलनं पाठवते म्हणाली.

१ मार्च, शनिवार

सकाळपासून स्टँडवर होतो. पार्सल दुपारी आलं. कमरेला लावलं, परसाच्या टोकाला गेलो. पट्ट्याला अशी गुदगुली झाली की मी दचकलो. आत धावत गेलो तर मुक्ता हसत होती. मग लिंबाखाली, मग पाण्याच्या मोटारीपाशी, मग नबीभाईच्या गाड्यापर्यंत गेलो. गाड्यापाशी पोचलं नाही, बाईनं सांगितलं होतं तसंच. मुक्ताला खेळच झाला. मी तांब्या घेऊन आलो की ती म्हणे, काही नको, जावा परत. अजमतबी भिंतीवरून म्हणाली, आता माझ्या भाकरी करपणार नाहीत.

२ मार्च, रविवार

प्रवीण आला. गाडीचं मागचं सीट आडवं पाडून त्यावर गादी टाकून आणली होती.

मी त्याला आधीच सांगून टाकलं, माझे कान गेलेत, घंट्यांचा दोष नव्हता. तो म्हणाला, "दादा, हे तुमच्या तोंडून ऐकायला लई वाट बघितली." मग मी यंत्र दाखवलं. त्यानं ते उलटंसुलटं केलं, आईजवळ बसला, बटण स्वतःच्या हातात घेतलं आणि मला म्हणाला, जावा कुठंबी.

मी गेलो. वांग्यांत जाऊन मुद्दाम पाठ करून उभा राहिलो. पहिल्यांदा थरथरलं, आत गेलो. दुसऱ्यांदा शेडमागं होतो, तेव्हाही कळलं. तिसऱ्यांदा त्यानं बराच वेळ दाबलं नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं की काय. पण मुक्तानं त्याला चहा पिऊन घे म्हणून थांबवलं होतं. मग दाबलं आणि मी पळतच आत गेलो. धाप लागली होती. प्रवीण म्हणाला, "पळत नगा येत जाऊ. दोघंबी कॉटवर पडाल." मग बाहेर गेला, गाडीतली गादी उचलून आणली आणि आईच्या पाठीशी लावली.

मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

तो जेवून गेला. पुढच्या आठवड्यात नगरला कान तपासायची वेळ त्यानंच घेऊन दिली. दुपारी बसून पहिल्या दोन घंट्यांना दिलेले तारे बदलले. फसवणूक हा शब्द काढला. लिहिलं, 'घंटी वाजते. ऐकणाऱ्याचे कान खराब होते.' तीन तारे दिले. पाच देणार नाही. वाजली तरी आवाज किती ते त्यांना अजून सांगता आलेलं नाही.

मुक्ताला म्हटलं, नगरला मशीन घेतो, आता एकेकाला प्रश्न विचारून भंडावून सोडतो. का सांगितलं नाही, या माझ्या परवाच्या प्रश्नाचं उत्तर तिनं आज दिलं.

"बाकीच्या बाया बोलत्यात तवा त्यांच्या मालकांची तोंडं टीव्हीकडं आसत्यात. तुमी माझ्या तोंडाकडं बघून ऐकता. सांगितलं आसतं तर तुमी मशीन बसवलं आसतं, आन मंग बघायचं सोडलं आसतं."

मशीन घेणारच, हे तिला सांगितलं. बघायचं सोडणार नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, बघू. आणि मग चैतालीनं पाठवलेल्या लाडवांचं, अजमतबीच्या कोंबड्यांचं, संध्याकाळी वांग्याचं काय करायचं त्याचं असं ती कितीतरी वेळ बोलत राहिली, आणि मी खुर्ची तिच्या समोर ओढून घेतली.